चौकटची दुर्री, इस्पिकची राणी

आरशासमोर मी डोळे मिटते, हे मला अकराव्या दिवशी कळलं.

तोपर्यंत मला वाटत होतं, जमलं! डाव्या हातात पत्त्यांचा कॅट, त्यावर समोर दिसणारी चौकटची दुर्री, तिच्यावरून उजवा हात एकदा हलकेच फिरला की तिथे इस्पिकची राणी. आरशात सगळं एकदम सफाईदार. स्वतःवरच खूश होऊन मी मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि व्हिडिओ काढला. बघते तर काय, दुर्रीपर्यंत हात पोचायच्या आधीच राणीबाई माझ्या तळहाताच्या कडेने डोकावून बघतायत. लग्नघरातली मावशी दाराआडून पाहुणे मोजते ना, अगदी तशा. आणि नेमक्या त्याच क्षणी व्हिडिओतल्या मुलीचे डोळे बंद! पुन्हा काढला. पुन्हा बंद. सलग सहा व्हिडिओ, सहाही वेळा तेच.

नंतर वाचनात आलं, की हा नवशिक्यांचा जुनाच आजार आहे. चोरटी हालचाल करताना पापणी आपोआप मिटते. त्यामुळे आरशातल्या जादूला पहिल्यांदा फसतो तो आपणच. दहा दिवस मी स्वतःला फसवत होते आणि वर स्वतःलाच शाबासकी देत होते.

तर झालं असं. महिनाभरात काहीतरी नवीन शिका आणि त्यावर लिहा, असं डेस्कवरून आम्हा इंटर्न मंडळींना सांगण्यात आलं. एकीने उकुलेले घेतलं, एकाने पोहायचं ठरवलं. मी म्हटलं, पत्त्यांची जादू. एकच. पण नीट.

यामागे एक जुनी खुन्नस होती. दुसऱ्या वर्षाला असताना कॅन्टीनमध्ये एका इंजिनीअरिंगच्या मुलाने माझ्या नाकासमोर, फूटभर अंतरावर, पत्ता बदलला होता. ‘एक पत्ता निवड, परत ठेव, आता मी शोधतो’ वगैरे काही नाही. गणित नाही, बडबड नाही. हात फिरला आणि दुर्रीची राणी झाली. बाकीचे ओरडले, टाळ्या वाजवल्या. मला मात्र राग आला. माझे डोळे धडधाकट आहेत, मी बघत होते, आणि तरी? बसमध्ये घरी येईपर्यंत मी स्वतःच्या हाताकडे बघत होते.

या प्रकाराला जादूवाले ‘कलर चेंज’ म्हणतात. नाव रंगाचं, पण बदलतो अख्खा पत्ता. पत्त्यांच्या बहुतेक जादूंमध्ये प्रेक्षकाला काहीतरी लक्षात ठेवावं लागतं. कोणता पत्ता घेतला, कुठे ठेवला, किती वेळा काटला. इथे लक्षात ठेवायला काहीच नाही. मराठी येत नसलेल्या माणसालाही कळेल, पाच वर्षांच्या पोरालाही कळेल. म्हणूनच मोबाइलच्या उभ्या पडद्यावर हल्ली हाच प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. पंधरा सेकंद पुरतात. शिकायला किती लागतात ते त्या पंधरा सेकंदांत कोणी सांगत नाही.

अडचण एकच होती. आमच्या घरात पत्ते नाहीत.

नाहीत म्हणजे हरवलेत असं नाही. ठेवतच नाहीत. गणपतीत जागरणाला अख्खी सोसायटी मेंढीकोट खेळते, तेव्हाही आमचं घर कॅरम काढतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे झब्बू, बदामसात, पाच-तीन-दोन सगळं शिकून आले. पण परतीच्या एसटीत आई बजावायची, ‘आजीसमोर यातलं काही काढू नकोस.’ का, ते विचारायचं नसतं हे लहानपणीच कळलं होतं. काही घरांत कांदा-लसूण नसतो, आमच्याकडे पत्ते नव्हते.

म्हणून कॅट विकत आणला तो सॅकच्या आतल्या कप्प्यात राहिला आणि सराव रात्री साडेअकरानंतर, दार लावून.

आधी स्टेशनरीच्या दुकानातले प्लॅस्टिकचे पत्ते आणले. इतके गुळगुळीत, की हातात धरले तरी खाली आणि नाही धरले तरी खाली. मग त्याच कॅन्टीनवाल्या मुलाला (तो आता नोकरीला लागलाय आणि अजूनही खिशात पत्ते ठेवतो) मेसेज केला. त्याने सांगितलं, कागदी घे, पोकर साइजचे. आपल्या नेहमीच्या काही पत्त्यांपेक्षा हे जरा रुंद असतात. ब्रिजचा पत्ता ५७ मिलिमीटर रुंद, पोकरचा ६३. उंची दोन्हींची सारखीच. माझ्या हाताला ते सहा मिलिमीटर फार महागात पडले, ते पुढे सांगते. चांगल्या कागदी पत्त्यांच्या पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे असतात, त्यात हवा राहते आणि पत्ते एकमेकांवरून न चिकटता सरकतात. जगभरचे जादूगार वापरतात तो ‘बायसिकल’ हा ब्रँड १८८५ पासूनचा आहे. मला तो ऑनलाइन तीन-चारशेला पडला. महिन्याच्या स्टायपेंडमधून पत्त्यांवर पैसे घालवले, हे वाक्य आमच्या घरात मोठ्याने म्हणता येणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

शिकायचं कुठून? व्हिडिओ शेकड्याने आहेत. पण मला खरी मजा आली ती एका १२० वर्षांहून जुन्या पुस्तकात. ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’. शिकागो, १९०२. लेखक एस. डब्ल्यू. अर्डनेस. हा माणूस कोण, ते आजपर्यंत नक्की कळलेलं नाही. नाव उलटं वाचलं तर ई. एस. अँड्र्यूज होतं, त्यावरून किती जणांनी किती तर्क लढवले, पण छातीठोक उत्तर नाही. पुस्तक मात्र तेव्हापासून कायम छापलं जातंय आणि आता कॉपीराइट संपल्यामुळे फुकटही मिळतं. प्रस्तावनेत लेखक आडपडदा न ठेवता सांगून टाकतो, की पुस्तक खपावं अशी इच्छा आहे कारण पैशांची गरज आहे. इतका प्रामाणिक जुगारी मी पाहिला नाही!

हो, जुगारी. कारण पुस्तकाचा पहिला भाग जुगारात पत्ते कसे फिरवायचे याबद्दल आहे, जादू नंतर येते. खोटं पिसणं, खोटं काटणं, वरचा सोडून खालचा पत्ता वाटणं. बोटं तीच, पत्ते तेच. एका टेबलावर त्याला लबाडी म्हणतात, दुसऱ्यावर कला. हे वाचताना मला जरा अस्वस्थ वाटलं होतं. ते का, ते तेव्हा कळलं नाही.

याच पुस्तकाची लहानपणापासून पारायणं करून एक कॅनडियन पोरगा मोठा झाला. डाय व्हर्नन, जन्म १८९४, ओटावा. त्या काळी हुदिनी छातीठोकपणे सांगायचा, कोणतीही जादू मला लागोपाठ तीनदा दाखवा, मी ओळखणारच. १९२२ मध्ये शिकागोत व्हर्ननने त्याला पत्त्यांची एक जादू दाखवली. हुदिनीने स्वतः सही केलेला पत्ता मधे घातला की पुन्हा वर. सात वेळा दाखवली, असं सांगतात. हुदिनीला ओळखता आली नाही. पुढे व्हर्ननची ओळखच ‘हुदिनीला फसवणारा’ अशी झाली. ९८ वर्षं जगला आणि आयुष्यभर शिकणाऱ्यांना एकच सांगत राहिला : सहज राहा. नैसर्गिक राहा.

सांगायला काय जातंय!

आता युक्तीचं. ती मी इथे उघडी करणार नाही. ज्याला हवी त्याला पुस्तकात मिळेलच, आणि मुळात युक्ती कळायला चार मिनिटं लागतात. एवढंच सांगते, की वजाबाकीत शिकवतात तसा इथेही एक हातचा असतो. दुर्रीवरून हात फिरायच्या आधीच राणी तळहातात येऊन बसलेली असते. ती कधी आली, कशी आली हा जादूगाराचा प्रश्न. पण तळहातात पत्ता असताना हात रिकामा दिसला पाहिजे. याला ‘पाम’ करणं म्हणतात, आणि माझे दोन आठवडे या एका गोष्टीत गेले.

करून बघा. कोणताही पत्ता घ्या, तळहातावर ठेवा, करंगळीचं टोक आणि अंगठ्याखालचा मांसल भाग यांच्यात त्याला किंचित वाकवून धरा. आता हात उलटा करा. पत्ता राहिला? छान. आता आरशात बघा. तो हात माणसाचा दिसतो का? माझा दिसत नव्हता. गोठलेल्या खेकड्यासारखा दिसत होता. अंगठा ताठ, बोटं घट्ट मिटलेली, मनगट वाकडं. त्यात पत्ता ६३ मिलिमीटरचा आणि माझी बोटं आखूड. करंगळीच्या बाजूने एक पांढरी रेघ कायम दिसायची. कॅन्टीनवाल्याला व्हिडिओ पाठवला तर त्याचं उत्तर आलं, ‘हाताला गुपित माहितेय असं दिसतंय. हाताला विसरायला लाव.’

हाताला विसरायला लावायचं म्हणजे पत्ता तळहातात धरून बाकीची कामं करायची. ही पद्धत त्याची एकट्याची नाही, कित्येक जादूगार अशीच सवय करतात. मग मी पत्ता धरून दार उघडलं, चहाचा कप उचलला, लॅपटॉपवर बातम्या टाइप केल्या (एक बातमी ‘महपालिका’ अशी गेली होती, सॉरी). एकदा पत्ता धरूनच पीएमपीत चढले. कंडक्टरसमोर डाव्या हाताने पैसे धरले आणि तिकीट उजव्या हाताने घेतलं. तिकीट आलं, इस्पिकची राणी तळहातात तशीच, आणि कंडक्टर पुढच्या माणसाकडे वळलेसुद्धा! माझा पहिला प्रयोग तो. प्रेक्षकाला प्रयोग झाल्याचंच कळलं नाही. मी मात्र स्वारगेट येईपर्यंत एकटीच हसत होते.

आणखी एक शोध : पलंगाजवळ उभं राहून सराव करावा. पत्ते पडतातच, गादीवर पडले तर वाकावं लागत नाही आणि आवाजही होत नाही. रात्री पावणेबारा वाजता फरशीवर ५२ पत्ते पडल्याचा आवाज किती मोठा असतो, हे ज्यांच्या शेजारच्या खोलीत आजी झोपते त्यांनाच कळेल.

अंगठा दुखायला लागला तेव्हा दोन दिवस सक्तीची सुट्टी घेतली. २०१८ चं ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ जिंकणारा शिन लिम मूळचा पियानोचा विद्यार्थी. त्याला मनगटाच्या नसेचा त्रास निघाला, पियानो आणि पत्ते दोन्ही झेपणार नाहीत म्हटल्यावर त्याने पत्ते निवडले. मला ना पियानो येतो ना पत्ते, त्यामुळे निवडीचा प्रश्न नव्हता. गरम पाण्याची पिशवी घेऊन वाचत बसले.

त्याच दोन दिवसांत एक प्रयोग वाचला आणि माझी गाडी रुळावर आली. गुस्ताव कुन हे मानसशास्त्रज्ञ स्वतः जादू करतात. त्यांनी आणि मायकेल लँड यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर उडवतो आणि झेलतो. तिसऱ्या वेळी उडवल्याचा नुसता अभिनय करतो, चेंडू हातातच. बघणाऱ्या बहुतेकांनी शपथेवर सांगितलं, चेंडू वर गेला आणि हवेत नाहीसा झाला. गंमत पुढे आहे. लोकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या तेव्हा दिसलं, की जिथे त्यांनी चेंडू ‘पाहिला’ तिथे त्यांचे डोळे गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याची नजर वर गेली म्हणून यांचा चेंडू वर गेला. जादूगार वर न बघता हाताकडे बघत राहिला तर फसणारे बरेच कमी झाले.

म्हणजे मी सोळा दिवस चुकीच्या गोष्टीचा सराव करत होते. हात, हात, हात. आणि माझे डोळे? उजव्या तळहातावर खिळलेले. चोराने स्वतःच खिशाकडे बोट दाखवावं तसं. त्या दिवसापासून मी कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघत करायला लागले आणि करंगळीची ती रेघ तशीच असूनही व्हिडिओ बघणाऱ्या मैत्रिणींना ती दिसेनाशी झाली. चारपैकी तिघी फसल्या. चौथी म्हणाली, ‘तुझे नेलपेंट उडालेत.’ ती हाताकडेच बघत होती, पण भलत्याच कारणाने.

सव्विसाव्या रात्री आजीने दार उघडलं.

कडी लावायला विसरले होते. मी गादीजवळ उभी, हातात कॅट, गादीवर वीसेक पत्ते पसरलेले. ती पाण्याचा तांब्या घेऊन उठली होती. पत्त्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता आई-बाबा उठणार. तोंडातून काहीतरी निघालं, ‘पेपरसाठी आहे गं, जादू शिकतेय.’

ती पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, ‘दाखव.’

हात थरथरत होते. चौकटची दुर्री दाखवली, आजीच्या डोळ्यांत बघितलं, हात फिरवला. राणी आली. आजीच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

‘करंगळीतून दिसतोय,’ ती म्हणाली.

मी गप्प. तिने माझा उजवा हात हातात घेतला, करंगळी आणि अनामिकेमधली फट बोटाने दाबून बंद केली आणि कोपरापासून हात जरा खाली आणला. ‘अण्णा इथे धरायचे.’

अण्णा म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. मी त्यांना फक्त फोटोत बघितलंय, तोही घडी पडलेला. त्या रात्री पहिल्यांदा कळलं, की ते ओट्यावर बसून गल्लीतल्या पोरांना पत्ते गायब करून दाखवायचे. नवीन लग्न होऊन आलेली आजी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. दीर जादू करतो, याचं तिला कोण कौतुक! मग हेच हात जत्रेत तीन पत्तीच्या फडावर बसायला लागले. सुरुवातीला जिंकायचे. घरी मिठाई यायची. पुढे हरायला लागले आणि एका वर्षी विहिरीजवळचं अर्धा एकर गेलं. आजोबांनी घरातले पत्ते चुलीत घातले. अण्णा मुंबईला गेले ते फार कमी वेळा परत आले.

‘सुरुवातीला जिंकायचे ते हातचलाखीने का?’ मी विचारलं. डोक्यात अर्डनेस होता.

‘मला काय माहीत,’ आजी म्हणाली. ‘विचारलं नाही कधी. विचारायला पाहिजे होतं.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘पोरांना दाखवायचे तेव्हा फार हसायचे. फडावरून यायचे तेव्हा नाही हसायचे.’

मी पत्ते गोळा करायला लागले. मला खरंच वाटत होतं की हे प्रकरण इथे संपवावं, उकुलेलेवालीसारखं काहीतरी सोज्वळ लिहावं. तिने तांब्या खाली ठेवला.

‘परत कर.’

केलं. ‘दिसला.’ पुन्हा. ‘दिसला.’ तिसऱ्यांदा अंगठा ताठ राहिला होता, तेही तिने सांगितलं. आईला मी कधीतरी विचारलं होतं, आजीची नजर ऐंशीच्या घरातही एवढी तीक्ष्ण कशी. तांदूळ निवडून, असं उत्तर मिळालं होतं. पाचव्यांदा मी अण्णांबद्दलच विचार करत होते, हाताकडे लक्षच नव्हतं. दुर्री गेली, राणी आली.

आजी काही बोलली नाही. मग माझा हात उलटा करून बघितला. रिकामा. कॅट मागून पुढून बघितला.

‘हं,’ म्हणाली.

बाबांना सकाळी तिनेच सांगितलं. त्यांनी लहानपणी जादूगार रघुवीर यांचा प्रयोग बघितलाय, त्याबद्दल ते अर्धा तास बोलले. पत्त्यांबद्दल कोणीच काही बोललं नाही. आईने फक्त डोळ्यांनी विचारलं, मी डोळ्यांनी सांगितलं.

तीस दिवस संपले. आज मोजलं तर दहापैकी सात वेळा जमतं, तेही प्रेक्षक समोर बसले असतील तर. उजवीकडून कोणी बघत असेल तर सगळं उघडं पडतं, आणि बसमध्ये नेमकं कोणीतरी उजवीकडे असतंच. कॅन्टीनवाल्याला शेवटचा व्हिडिओ पाठवला, त्याने अंगठा पाठवला. ताठ अंगठा. मुद्दाम, मला खात्री आहे.

कॅट अजून घरात आहे. सॅकमधून काढून हॉलमधल्या कपाटात ठेवत होते तेव्हा आजीने हटकलं. त्या कप्प्यात देवाच्या पोथ्या असतात, तिथे नको, म्हणाली. खालच्या कप्प्यात ठेव, कॅरमच्या सोंगट्यांशेजारी.